सरकीचे तीन चेंडू

गाडी नंबरात उभी असली की मला बसवत नाही. मी काळी-पिवळी जीप चालवतो, जळगाव जामोद ते खामगाव. लोकांना वाटतं ड्रायव्हरचं काम म्हणजे गाडी चालवणं. खरं काम वाट पाहण्याचं असतं. आपल्या आधी चार गाड्या लागलेल्या असतात, मग आपला नंबर येतो, मग गाडी भरेपर्यंत "नांदुरा, खामगाव, चला खामगाव" असं ओरडत राहायचं. एका रिकाम्या सीटसाठी आत बसलेली माणसं आपल्याकडे अशी पाहतात की जणू ती सीट आपणच घरी लपवून ठेवली आहे. वीस वर्षांत मी गाडी जितकी चालवली त्यापेक्षा जास्त उभी ठेवली, आणि उभं राहणं माझ्या रक्तात नाही. लहानपणी आई विचारायची, "तुह्या बुडाले मुंग्या लागल्या का रे?" लागल्या होत्या. अजून आहेत.

त्या मुंग्यांवर मी विशीतच औषध शोधलं होतं. डावा तळहात उताणा करायचा. त्यावर तंबाखू, कातरलेली सुपारी आणि नखाएवढा चुना. उजव्या अंगठ्यानं सावकाश मळायचं, दोन थापा मारून धूळ उडवायची, चिमूट करायची आणि ओठाखाली ठेवायची. हातांना काम मिळालं की पायांची वळवळ थांबायची आणि डोकं गार व्हायचं. माझ्याइतकं एकसारखं मळणारा आमच्या स्टँडवर दुसरा नव्हता. नवे ड्रायव्हर माझ्याकडे तळहात पुढे करून यायचे. याचा मला अभिमान होता. आज लिहिताना लाज वाटते, पण होता.

मग सासऱ्यांचं तोंड गेलं, तंबाखूनंच. सासरे वरवट बकालचे. बायको त्यांची थोरली मुलगी. शेवटचे पाच महिने ती माहेरीच होती. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून ती पेज घालायची, एका वेळी अर्धा चमचा. मी दर आठवड्याला गाडी घेऊन जायचो आणि दारातूनच बोलायचो, कारण आत गेलं की मला बाहेर पळावंसं वाटायचं. सगळं आटोपून आम्ही घरी परत निघालो तेव्हा ती समोरच्या सीटवर, माझ्या डाव्या बाजूला बसली होती. वाटेत एवढंच म्हणाली, "तुमी आता सोडा. मले दुसऱ्यांदा चमचा धरता येनार नाई."

मी हो म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. तो हो वरवटपासून जळगावपर्यंत टिकला. दुसऱ्या दिवशी गाडी नंबरात लागली आणि डावा हात आपोआप उताणा झाला. तेव्हापासून मी फक्त गाडीत खायचो. शेवटची फेरी संपली की स्टँडच्या नळावर खळखळून चूळ, मग बडीशेप, मग घर. सहा वर्षं हा कारभार चालला. जित्याची खोड, दुसरं काय.

पहिली तक्रार जिभेनं केली. एका दुपारी ठेचा तोंडात घातला आणि डोळ्यांतून पाणी आलं. वऱ्हाडातला माणूस आणि त्याला ठेचा सोसू नये, म्हणजे काय जगणं राहिलं? बायको म्हणाली, "काऊन, लय तिखट झाला काय?" मी म्हणालो, "नाही, तोंड आलंय जरा. उष्णता." नंतर भाकरीचा मोठा घास तोंडात शिरेना, मी लहान तुकडे करू लागलो. मग एक दिवस स्टँडवर शिट्टी वाजेना. ओठ जुळायचे, पण गाल आतून ताठ, नुसती हवा जायची. त्या शिट्टीवर कोपऱ्यावरच्या बाया पिशव्या उचलून पळत यायच्या. मी हॉर्न वाजवू लागलो आणि कुणाला काही बोललो नाही.

खामगावला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे मी दाढ दुखते म्हणून गेलो. बाई तरुण होत्या. त्यांनी दाढेकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "तुमची स्वतःची तीन बोटं उभी जोडा आणि तोंडात घाला." दोन गेली. तिसरं दातांवर आपटलं. मी पुन्हा जोर केला, जणू जोरात ढकललं की दार उघडेल. बाई शांतपणे म्हणाल्या, "गालांची आतली कातडी आखडत चालली आहे. हे सुपारी-तंबाखूचं काम. खाणं थांबलं नाही तर पुढे काय होतं, ते तुम्ही कुणाचं तरी पाहिलं असेल." मी मान हलवली. त्यांनी मला आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा एक गठ्ठा दिला. एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, रोज तीन वेळा, आणि जमेल तशी एकेक वाढवायची. त्या दिवशी चौदा बसल्या. "तीन बोटं जायला यापेक्षा बऱ्याच जास्त लागतील," असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

काड्या मी गाडीच्या समोरच्या कप्प्यात ठेवल्या, पुडीच्या शेजारी. हसू येतं, पण तसंच होतं. सकाळी काड्या दातांत धरायच्या आणि काड्या काढल्या की पुडी फोडायची. बायकोला सांगायचं मी रोज ठरवायचो आणि रोज तो चमचा आठवायचा. मला माझ्या मरणाची तेवढी भीती नव्हती. तिनं पुन्हा हातात वाटी घेऊन माझ्यासमोर बसावं, याची होती. सांगितलं असतं तर ती बसली असती, आणि काही न बोलता बसली असती. ते मला पाहवलं नसतं.

त्याच दिवसांत म्हातारा भेटला. म्हणजे तो गाडीत नेहमीच यायचा. उंच, वाकलेला, खामगावला कापसाच्या जिनिंगच्या मागच्या वस्तीत एकटा राहणारा. आठवडी बाजारांत फुगे आणि पिपाण्या विकायचा. तरुणपणी जत्रांच्या तंबूत जोकर होता, असं सगळे सांगायचे. त्याला समोरचीच सीट लागायची. त्या दिवशी गाडी भरत नव्हती, मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत होतो, डाव्या गुडघ्याला झटके देत होतो. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "डायवर, तुह्या हाताले काई काम पाह्यजे बे. नाई तं हे हात एक दिवस तुले खाऊन टाकतीन." मग त्यानं पिशवीतून तीन फाटके चेंडू काढले आणि बसल्या बसल्या, गाडीच्या टपाला न लागतील एवढ्याच उंचीवर, खेळवू लागला. चेंडू एकमेकांना वाट देत होते. मागच्या सीटवरच्या बायांचं भांडण थांबलं. आणि माझा गुडघासुद्धा थांबला, हे मला तो गुडघ्याकडे पाहून हसला तेव्हा कळलं.

मी म्हणालो, "मला शिकवा." तो म्हणाला, "शिकवतो. पन मले जोडीदार पाह्यजे. माह्ये हात आता लवकर थकते. मी शहाना, तू येडा. शाळेतल्या ग्यादरिंगचं बलावनं हाय." कोणती शाळा, हे मी तेव्हा विचारलं नाही. ही माझी दुसरी मोठी चूक. पहिली कोणती ते सांगितलंच आहे.

चेंडू बायकोनं शिवून दिले. ती ब्लाउज शिवते, चिंध्यांची घरात कमी नाही. मी सांगितलं, शाळेतल्या कार्यक्रमात म्हाताऱ्याला मदत करायची आहे. ती हसून म्हणाली, "तुमी अन् जोकर? जोकराले तं लोक हासतात, तुमाले कोनी हासलं तं तुमी भांडता." खरं होतं ते. आत काय भरावं यावर आमचा वाद झाला. ज्वारी भरली तर किडे होतील, वाळू भरली तर गळेल. शेवटी तिनं शेजारणीकडून सरकी आणली, कापसाच्या सालभर जुन्या बिया, आणि मुठीएवढे तीन चेंडू घट्ट टाके घालून शिवले. सरकीच्या चेंडूचा एक गुण आहे. तो टप्पा खात नाही. पडला तिथं बसतो.

पाडण्यात मी लवकर तरबेज झालो. म्हाताऱ्याची शिकवायची रीत अशी की मला त्यानं गाडीच्या बॉनेटकडे तोंड करून उभं केलं. "गेंद पडन तं बोनटवर पडन. खाली वाकू वाकू कंबर मोडली की मानूस शिकनं सोडते." एक चेंडू, उजव्या हातातून डाव्या हातात, डोळ्यांच्या उंचीपर्यंत. मग दोन. पहिला वर पोचला की खालून दुसरा सोडायचा. एवढंच. हे एवढंच मला तीन आठवडे जमलं नाही. मी चेंडूंना दोष दिला, सरकी एका बाजूला जाते म्हणालो, वारा आहे म्हणालो. स्टँडवरचे ड्रायव्हर पानटपरीजवळ उभे राहून म्हणायचे, "नाचता येईना अंगन वाकडं!" मी एकाची कॉलर धरली. म्हाताऱ्यानं मला मागं ओढलं नाही. तो पिपाणी वाजवत उभा राहिला, आणि अख्खा स्टँड माझ्या भांडणाला हसला.

माझी चूक एकच होती आणि ती म्हाताऱ्यानं शोधली. उजवा हात फेकत होता. डावा फेकतच नव्हता. उजव्यानं वर टाकलं की डावा हात आपला चेंडू गुपचूप उजव्याच्या मुठीत सरकवून द्यायचा आणि पुन्हा उताणा पडून राहायचा. "फेक बे त्यानं! देऊ नको, फेक!" तो ओरडायचा. मी ठरवून फेकायचो, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा हात पुन्हा द्यायचा. म्हाताऱ्यानं माझा डावा हात धरला, उलटापालटा करून पाहिला. तळव्याच्या मधोमध एक पांढुरका, गुळगुळीत डाग आहे, चुन्यानं खाल्लेला. त्यावर त्यानं अंगठा ठेवला. "वीस वर्सं याची थाळी केली तू. थाळी कुठं फेकते का?"

मला इतका राग आला की मी हात हिसकावून घेतला. राग तो खरं बोलल्याचा होता, हे कळायला वेळ लागला. पण त्याहून वाईट पुढे झालं. त्याच आठवड्यात एका सकाळी तिन्ही चेंडू जमले. तीन फेकी, तीन झेल. शेवटचा चेंडू डाव्या तळहातात पडला आणि मी आनंदात होतो, माझं लक्षच नव्हतं. माझ्या उजव्या अंगठ्यानं तो चेंडू मळायला सुरुवात केली. मग दोन थापा मारल्या. मग चिमूट केली आणि हात ओठापर्यंत गेला. टपरीवर असा हशा उठला की बसची वाट पाहणाऱ्या बाया उठून पाहायला आल्या. म्हातारा हसला नाही. तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "हेच. हेच पाह्यजे होतं मले. हे खेळात ठेवू."

मी तिन्ही चेंडू त्याच्या अंगावर फेकले. डाव्या हातानंसुद्धा. गाडी सुरू केली आणि त्याला स्टँडवर सोडून, दोन सीटा रिकाम्या असताना, खामगावला निघून गेलो. नांदुऱ्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, पुडी काढली आणि हात पुढे केला. अंगठा चालू लागला आणि मला त्या हातात चेंडू दिसू लागला. लोकांचा हशा ऐकू येऊ लागला. मी ते सगळं खिडकीबाहेर टाकलं. मग उतरून रस्त्यावर काही सापडतं का ते पाहिलं. ड्रायव्हर काय शोधतोय, असं मागच्या प्रवाशांनी विचारलं. मी म्हणालो, नट पडला.

चार दिवस मी खाल्लं नाही. त्या चार दिवसांत मी जो भेटेल त्याच्याशी भांडलो, रात्री अंथरुणावर कूस बदलत राहिलो, मुलीच्या पेन्सिली चावल्या, गाडीच्या सीटची दोन बटणं उपटली. पाचव्या दिवशी म्हातारा नेहमीसारखा येऊन समोरच्या सीटवर बसला. चेंडू त्यानं माझ्या मांडीवर ठेवले. माझं डोकं ठणकत होतं, आणि का कुणास ठाऊक, मी कप्पा उघडून त्याला काड्यांचा गठ्ठा दाखवला. तीन बोटांचं सांगितलं. सासऱ्यांचं सांगितलं. हे ज्याला सांगितलं असा तो पहिला माणूस. त्यानं काड्या मोजल्या. त्या दिवशी पंधरा होत्या. मग विचारलं, "बायकोले मालूम हाय?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मंग तुह्या खेळात हासू कमी अन् भेव जास्त हाय. भेव असलं की गेंद पडते."

मी खेळ करायला तयार झालो, एका अटीवर. चेंडू मळायचं दाखवू, तोंड उघडत नाही तेही दाखवू, लोकांना नाटक वाटेल. पण बोटांचं काही नाही. म्हातारा म्हणाला, "बोटं तुही, तोंड तुहं. मले काय करा लागते." तेव्हा मी विचारलं, शाळा कुठली. तो म्हणाला, "वरवट बकाल."

म्हणजे सासरवाडी. तुम्हीच सांगा, याला हात दाखवून अवलक्षण नाही तर काय म्हणायचं? बायकोला कळलं तेव्हा ती हरखली. भावाची मुलं त्याच शाळेत होती. ती आदल्या दिवशीच माहेरी गेली आणि सगळ्या गल्लीला सांगून बसली. माझ्याकडे पळून जायला रस्ता उरला नाही. कार्यक्रमाच्या सकाळी, गाव दोन किलोमीटर राहिलं असताना, मी गाडी थांबवली आणि अकरा दिवसांनी पुडी फोडली. म्हातारा शेजारी बसला होता. त्यानं पाहिलं आणि खिडकीबाहेर नजर वळवली. त्यानं एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

शाळेच्या एका वर्गात त्यानं माझं तोंड रंगवलं. बोटानंच. गालांवर पांढरा, नाकाला लाल गोळा, आणि ओठांपासून दोन्ही कानांपर्यंत लालभडक मोठं तोंड. आरशात पाहिलं तर असं तोंड, की अख्खी भाकरी जाईल. आत माझं खरं तोंड होतं, त्याला नुकत्याच खाल्लेल्या तंबाखूचा वास येत होता. बाहेर पोरं बाकं बडवत होती. माझे पाय एका जागी थांबेनात. म्हातारा म्हणाला, "नाच. पाय नाचते तं नाचू दे. त्यायले वाटन खेळच हाय."

पटांगणात मंडप होता. समोर पोरं सतरंजीवर, डाव्या बाजूला बाया, आणि मागं कंपाउंडच्या भिंतीला टेकून गावातले पुरुष. पुरुष कार्यक्रमाला येतात पण बसत नाहीत, जणू सहज इकडून चालले होते. म्हातारा काळा कोट घालून शहाण्यासारखा उभा राहिला. मी पहिला चेंडू टाकला आणि पाडला. हशा. दुसऱ्या वेळी डाव्यानं फेकायच्या ऐवजी दिला. पिपाणी. हशा. आणि मला राग आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चुकीवर लोक हसत होते आणि मला अजून एक चूक करावीशी वाटत होती. मग तिन्ही चेंडू वर गेले, आणि डावा हात फेकू लागला, एकदा, दोनदा, पाच वेळा, आणि पोरं मोजू लागली. शेवटचा चेंडू तळहातात पडला. मी हात उताणाच ठेवला आणि अंगठ्यानं मळायला लागलो.

एक पोरगी ओरडली, "तंबाखू घोटून राह्यला!" पटांगण उसळलं. दोन थापा मारल्या, मंडपभर टाळ्या. चेंडू तोंडाकडे नेला आणि तोंड उघडेना. म्हातारा धावत आला, माझा जबडा ओढू लागला, माझ्या पोटावर पाय देऊ लागला. चेंडू जात नाही म्हणून त्यानं खिशातून लिंबू काढलं. लिंबू जाईना. मग बोर काढलं. बोर गेलं, आणि पोरांनी अशा टाळ्या वाजवल्या जणू मी डोंगर गिळला. खेळ इथं संपायचा होता. वाकून नमस्कार आणि पळ, असं ठरलं होतं.

मी वाकलो आणि वर पाहताना बायांमध्ये बायको दिसली. सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. ती हसत नव्हती. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि त्याची बोटं जुळली होती, चमचा धरतात तशी. तिनं ओळखलं होतं. पाच महिने जिनं एक तोंड रोज जवळून पाहिलं, तिला रंगाखालचं तोंड कळणार नाही?

मला पळता आलं असतं. पाय तर तेच म्हणत होते. पण मी तिथंच उभा राहिलो आणि उजव्या हाताची तीन बोटं वर करून सगळ्यांना दाखवली. मग ती तोंडाजवळ नेली. दोन आत गेली. तिसरं बाहेर राहिलं. मी ते तसंच धरून, मान फिरवून, सगळ्या बाजूंना दाखवलं. पोरांना खेळ वाटला. त्यांनीही आपापली तीन बोटं तोंडात घातली, आणि सगळ्यांची गेली, आणि ती तशीच एकमेकांकडे पाहून खिदळू लागली. म्हाताऱ्यानं पिपाणी ओठाला लावली होती, पण वाजवली नाही. मी मागं भिंतीकडे पाहिलं. एका माणसानं मिशी पुसल्यासारखं करून बोटं तोंडाशी नेली. त्याच्या शेजारच्यानं पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून तेच केलं. मग अजून एकानं. एकमेकांकडे कुणीच पाहत नव्हतं.

बायको गाडीजवळ उभी होती. मी रंग न पुसताच गेलो. मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. ती म्हणाली, "तोंड उघडा." मी उघडलं. तिनं आपली तीन बोटं जोडली आणि घातली. ती जेमतेम, पण तिन्ही गेली. मला इतका आनंद झाला की मी तिच्या बोटांवरूनच बोललो, "गेली! गेली ना!" तिनं बोटं काढली, पदराला पुसली, लाल रंग पदराला लागला. मग म्हणाली, "माह्या बोटाचं माप कायले लावता? आता तुमचे लावा."

माझी बोटं जाड आहेत, स्टिअरिंगनं झालेली. दोन गेली. बाहेर राहिलेलं तिसरं बोट तिनं आपल्या मुठीत धरलं आणि धरूनच राहिली. "बाबाचं एकच जाये शेवटी," ती म्हणाली. नंतर म्हणाली, "तुमी खात व्हते, थे मले मालूम व्हतं. खिशातला चुना कोन धुते? पन तोंडाचं नाई सांगतलं तुमी. मी मिरची कमी करत गेली, म्हनलं उष्नता हाय."

मी म्हणालो, "तू चमचा धरणार नाहीस म्हणाली होतीस." ती म्हणाली, "म्हून तं आतापासून तुमच्यासंग येऊन राह्यली." आणि समोरच्या सीटवर जाऊन बसली. कप्पा उघडला, काड्यांचा गठ्ठा ठेवून घेतला, पुडी आणि चुन्याची डबी काढून म्हाताऱ्याच्या पिशवीत टाकली. म्हातारा मागच्या सीटवर आडवा झाला होता. त्यानं डोळे उघडले नाहीत.

त्यानंतर मी कधीच खाल्लं नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. दोनदा खाल्लं. दोन्ही वेळा तिला सांगितलं, दोन्ही वेळा ती दिवसभर बोलली नाही. आज सकाळी अठरा काड्या बसल्या. तिसऱ्या बोटाचं नख आत जातं. शिट्टी अजून येत नाही. आम्ही तीन-चार शाळांत खेळ केला, मी सात-आठ झेलांपर्यंत जातो आणि मग पाडतो.

बाजाराच्या दिवशी तिला ब्लाउज पोचवायला खामगावला जायचं असतं. तेव्हा ती नंबर येईपर्यंत समोर बसते, माझ्या डाव्या बाजूला, चेंडू मांडीवर घेऊन. गाडी भरत नाही, उन्हानं टप तापतं, माझा गुडघा उडायला लागतो, आणि डावा हात माझ्या नकळत उताणा होतो. ती त्या तळहातावर एक चेंडू ठेवते आणि माझ्याकडे पाहत राहते. मी तो तिच्याकडे फेकतो. कधी कधी अजून नुसताच देतो. मग ती तो परत ठेवते.